बाळाची न्याहारी : ओट्स, सुका मेवा आणि वैद्याचा सल्ला

गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या तरुण मातांच्या प्रश्नांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी ‘बाळाला वरण-भात कधी सुरू करू?’ असे विचारले जाई. आता सात-आठ महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन बसलेली माता विचारते, ‘डॉक्टर, ओट्समध्ये बदाम-अक्रोड घालून सकाळी दिले तर चालेल ना?’ या प्रश्नास आपल्या वैद्यवर्गाकडून सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक, ‘परदेशी धान्य कशाला? नाचणी द्या.’ दुसरे, ‘अवश्य द्या, बदाम बुद्धिवर्धक आहे.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, इतकेच नव्हे तर दुसरे उत्तर प्रसंगी घातकही ठरू शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण मेवा द्यावा की न द्यावा याहून तो कोणत्या कल्पनेत, कोणत्या मात्रेत आणि कोणत्या वयात द्यावा, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमके तेच आपण सांगत नाही.

प्रथम ओट्सविषयी. आपल्या संहितांतील शूकधान्यवर्गात या धान्याचे वर्णन नाही, म्हणून ते त्याज्य ठरत नाही. नव्या द्रव्याचा विचार त्याच्या रस-गुणांवरून आणि प्रत्यक्ष परिणामावरून करावयाचा, ही तर आपलीच रीत आहे. त्याच्या सर्वांत जवळचे आपले परिचित धान्य म्हणजे यव. यवाला संहिताकारांनी मधुर, शीत, रूक्ष, मलाचे प्रमाण वाढविणारे आणि स्थैर्यकर म्हटले आहे. ओट्सही शिजल्यावर बुळबुळीत होतात व मलप्रवृत्ती सुलभ करतात. यव व ओट्स या दोहोंत असणारा बीटा-ग्लुकान नामक विद्राव्य तंतू त्यास कारणीभूत आहे. परंतु बालकाचे आमाशय लहान असते. तंतुमय धान्याची पातळ पेज पोट भरते, पण बळ देत नाही. म्हणूनच त्यास स्नेहाची जोड हवी, मग तो स्नेह तुपाचा असो वा मेव्याचा. येथवर त्या मातेचा विचार योग्यच आहे.

हा विचार आपल्या परंपरेलाही नवा नाही. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील पहिल्याच अध्यायात, स्तनपान सुटलेल्या शिशूसाठी चारोळीचा मगज, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. धान्य आणि मेवा यांचा मेळ घालणारी ही बालकाची न्याहारीच नव्हे काय? येथे बदाम न घेता चारोळीच का घेतली, याचे एक उत्तर चरकसंहितेच्या अन्नपानविधीत सापडते. बदाम, अक्रोड, पिस्ते इत्यादी फळे तेथे गुरु, उष्ण, स्निग्ध, बल्य व बृंहण म्हटली आहेत, आणि चारोळी गुणांनी त्यांसारखीच, परंतु उष्ण नाही, असा भेद दाखविला आहे. बालकासाठी एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या शास्त्राचे आपण वारस आहोत. त्या शास्त्राच्या नावाने ‘बदाम द्या’ एवढेच सांगून रुग्ण मोकळा करणे आपणांस शोभत नाही.

आता आमचाच एक अनुभव नमूद करतो, आणि त्यातील दोषही आमचाच आहे. चौदा महिन्यांचा एक मुलगा तीन आठवड्यांच्या खोकल्यासाठी आणला गेला. ज्वर नव्हता, खेळत होता. आम्ही कफज कास समजून सितोपलादी चूर्ण सुरू केले. आठ दिवसांत उतार न पडल्याने पुन्हा तपासले, तेव्हा उजव्या बाजूस श्वासध्वनी क्षीण आढळला. खोदून विचारता आईला आठवले की, थोरल्या भावाने त्याला शेंगदाणे भरविले होते. त्या वेळी जोराचा ठसका लागला आणि थोड्या वेळाने सारे शांत झाले. आम्ही तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे दुर्बिणीने श्वासनलिकेतून शेंगदाण्याची अर्धी डाळ काढण्यात आली. मूल वाचले, परंतु आमचे ते आठ दिवस आजही आम्हांस बोचतात.

या प्रसंगातून शिकण्यासारखे बरेच आहे. पहिला ठसका ओसरल्यानंतर काही काळ लक्षणे दिसत नाहीत, म्हणून पालक निश्चिंत होतात. शेंगदाणा वा बदाम साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो चांगला आहे’ यावर विसंबता येत नाही. अकस्मात सुरू झालेला कास, एकाच बाजूस क्षीण श्वासध्वनी वा घरघर, औषधाने न हटणारा खोकला, यांपैकी काहीही आढळल्यास ‘काही खाताना ठसका लागला होता काय?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बालकाला पुढचे दात येतात ते तोडण्याचे. दळण्याचे काम दाढांचे, आणि दुसऱ्या दुधाच्या दाढा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात. दाढा आल्या तरी चावणे व गिळणे यांचा मेळ बसावयास आणखी काळ लागतो. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने पाच वर्षांखालील मुलांना अखंड मेवा देऊ नये, असे सांगितले आहे. ओट्सवर पेरलेले काप आणि जाडसर भरड हेही बाळासाठी अखंड मेव्याइतकेच धोक्याचे समजावेत.

मग मेवा टाळावा काय? तेही योग्य नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असा सल्ला दिला होता. २००८ साली तो मागे घ्यावा लागला. पुढे २०१५ साली इंग्लंडमध्ये झालेल्या ‘लीप’ नामक अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र त्वग्विकार किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिने वयाच्या ६४० बालकांचे दोन गट करून एकास शेंगदाणायुक्त मऊ आहार नियमित दिला व दुसऱ्यास वर्ज्य केला. आरंभी त्वचाचाचणी नकारार्थी असलेल्या मुलांत पाचव्या वर्षी, वर्ज्य करणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आढळली. खाणाऱ्यांपैकी केवळ १.९ टक्क्यांना. बालवयातच थोडे थोडे देऊन सात्म्य घडवावे, या आपल्या विचाराशी हे सुसंगतच आहे. आपल्या घरोघरच्या बाळगुटीत बदाम व खारीक सहाणेवर उगाळूनच देत असत, हे येथे आठवावे. अर्थात सहा महिने पूर्ण होईतो केवळ मातेचे दूध, हा नियम गुटीलाही लागू आहे. त्यानंतर मात्र उगाळण्याची ती कल्पना आजही अत्यंत योग्य आहे, सहाण स्वच्छ असली म्हणजे झाले.

मधाविषयी आमचे मत काही वैद्यबंधूंना रुचणार नाही, तरी ते मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. मधात क्वचित असणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांत अंगघात होऊ शकतो, हे १९७६ पासून ज्ञात आहे. हे बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत. अशी बालके विरळा, हे खरे. परंतु मधाने होणारा कोणताही लाभ या धोक्याहून मोठा नाही. जातकर्माच्या परंपरेचा आम्ही आदर करतो. पण विधीचा आदर आणि बालकाची सुरक्षा यांत निवड करावयाची झाल्यास वैद्याने दुसरी बाजू घ्यावी. वर उल्लेखिलेला मधयुक्त मोदक स्तनपान सुटलेल्या मुलासाठी आहे, तान्ह्यासाठी नाही, हेही लक्षात घ्यावे. वर्षानंतर मध द्यावयाचा असेल, तर गरम ओट्समध्ये मुळीच नको. उष्ण मध आपल्या शास्त्राने निषिद्ध मानला आहे, आणि आज अनेक घरांत नेमके तेच घडते आहे.

आम्ही मातांना जी कृती सांगतो ती अशी. साधे, साखर व मसाला नसलेले ओट्स मंद आचेवर सुगंध सुटेपर्यंत कोरडे भाजून बारीक दळावेत. भर्जनाने लाघव येते. यातील पीठ पाण्यात कालवून सहा-सात मिनिटे शिजवावे. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळू नये, इतपत दाट असावे. रात्री भिजवून सोललेला एक बदाम सहाणेवर उगाळून किंवा गंधासारखा वाटून त्यात मिसळावा. अर्धा चमचा तूप व चिमूटभर वेलची घालावी. गोडीसाठी भिजविलेल्या खारकेचा गर पुरतो. साखर, गूळ व मीठ नको. शेंगदाणा द्यावयाचा असल्यास भाजून, साले काढून, लोण्यासारखा वाटून कोमट पाण्याने पातळ करावा.

नवीन मेवा एका वेळी एकच, दिवसा, बाळाची प्रकृती उत्तम असताना द्यावा. प्रथम चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच चाटवून दहा मिनिटे थांबावे. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, वांती वा श्वासास त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तीव्र त्वग्विकार किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बालकास बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून शेंगदाणा सुरू करू नये. मेवा सात्म्य झाल्यावर तो आठवड्यातून दोन-तीन वेळा चालू ठेवावा.

ज्यांना ओट्स परवडत नाहीत त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. नाचणीसत्त्व, सातूचे पीठ, भाजलेल्या तांदूळ-मुगाचे खिमट यांतही हाच वाटलेला मेवा तितकाच शोभतो, आणि शेंगदाणा तर गरिबाच्याही घरी असतो. तसेच एका न्याहारीने सारे साधत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके पांडुग्रस्त आढळली. डाळी, पालेभाज्या, फळे आणि ज्यांच्या घरी चालते तेथे अंडी-मांस, यांचा विचार वैद्याने त्याच बैठकीत करावा.

आमचे सर्व वैद्यबंधूभगिनींना नम्र आवाहन आहे की, सहा महिन्यांच्या पुढील प्रत्येक बालकाच्या पालकांस आहाराची चिठ्ठी लिहून द्यावी. तीत तीन ओळी अवश्य असाव्यात : मेवा वाटलेलाच द्यावा, अखंड कधीही नाही; मध एक वर्षानंतरच; आणि खाताना बाळ बसलेले असावे, मोठे माणूस जवळ असावे. या तीन ओळी लिहावयास अर्धे मिनिटही लागत नाही. त्या न लिहिल्याने काय होऊ शकते, हे आम्ही पाहिले आहे.