रानडुकरापुढे ठासणीची बंदूक?



ज्वारीच्या कणसात दाणा भरला की डुकरांचा कळप शिरतो आणि एका रात्रीत रान लोळवतो. पीकरक्षणासाठी १९५९ चा शस्त्र कायदा काय देतो? ठासणीची, फार तर छऱ्याची बंदूक! नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढाल असते. बारीक छर्रे तिथेच अडकतात आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते. त्याला मोठ्या बोअरची रायफल आणि न फुटता खोल जाणारी जड गोळीच हवी. पण सपाट रानात चुकलेली गोळी कोसभर जाते. म्हणून ती मचाणावरून, जमिनीकडे रोखून, सराईत नेमबाजानेच झाडावी. केरळने २०२२ साली परवानगीचा अधिकार पंचायत अध्यक्षांना दिला. मग आमच्या सरपंचाला का नाही? नेमबाज द्या, नाहीतर नुकसान पुरते भरून द्या!