श्रवणयंत्र साठीनंतरच का?

इचलकरंजीतल्या एका वस्तीत आम्ही यंत्रमाग कामगारांची बैठक घेतली. पंचवीस वर्षे माग चालवणाऱ्या एका काकांना आम्ही विचारले, "काका, मजुरी रोख मिळते की खात्यावर?" काका म्हणाले, "दोन. दोन्ही मुलीच." सगळे हसले. काकाही हसले आणि पुढच्या दीड तासात एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे वय ४७.

बहिरेपणा म्हणजे म्हातारपण, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की ४७ वर्षांच्या माणसाला ऐकू येत नाही हे आपल्याला दिसतच नाही. तो घुम्मा आहे, तऱ्हेवाईक आहे, बैठकीत लक्ष देत नाही, असे आपण म्हणतो. वयामुळे कान कमी होतात हे खरेच. पण आपल्या वस्त्यांतले कान वयाच्या आधी कामाने जातात. साध्या मागाचा धोटा दिवसभर आपटत असतो आणि शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. दगडखाणीत, ड्रिलवर, फॅब्रिकेशनच्या दुकानात वेगळे काही नाही. बँड आणि हलगी वाजवणारी माणसे कोणत्या समाजांतली आहेत, हे आम्ही सांगायला नको.

आवाजाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतले सूर जातात. म्हणजे स, श, त, फ अशी अक्षरे गळतात. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." घरच्यांना वाटते, सोयीचे तेवढे ऐकतो. ही गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. उरलेली वापरण्यासाठी यंत्र लागते.

आता सरकारचे गणित बघा. केंद्राची २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना ६० वर्षांवरच्यांसाठी. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी, आणि तीही एकरकमी ३,००० रुपयांची. तेवढ्यात बऱ्यापैकी डिजिटल यंत्र कुठे मिळते? तरुण वयात दिव्यांगांच्या योजनेतून घ्यायचे, तर ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट झाल्यावरच माणसाला 'कमी ऐकू येणारा' मानतो. ५० डेसिबलवर अडकलेला कामगार दिव्यांगही नाही आणि ज्येष्ठ नागरिकही नाही. त्याने साठीपर्यंत अंदाजाने उत्तरे देत राहायचे.

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतच आवाजाने येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून लिहिला होता. पण शेडचे कागदोपत्री तुकडे करून कामगारांची संख्या मर्यादेखाली ठेवली, की कळवायचे कोणी आणि कोणाला? व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती मांडली, ती १९४६ ला मंजूर झाली. आवाजाची इजा जशी डेसिबलवर, तशीच तासांवर अवलंबून असते. बारा तासांच्या पाळीला 'ओव्हरटाइम मिळतो की' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

यंत्र मिळाले तरी प्रश्न संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार यंत्राचा फायदा होऊ शकेल अशांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. आमच्या वस्तीतल्या एका आजीचे शिबिरात मिळालेले यंत्र बांगड्यांच्या डब्यात आहे. "नुसतं भांड्याचा खणखणाट ऐकू येतो," आजी म्हणतात. बरोबरच आहे. यंत्र चष्म्यासारखे नसते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात, साचा कानाच्या मापाचा लागतो, आवाज पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि छोटा सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो. शिबिरवाले फोटो काढून गेले. सेल कोण आणणार?

आणि तरुणांनो, थोडे आपल्याबद्दल. आपल्या जयंतीचाच डीजे काहींच्या कानाला टोचतो, बाकी मिरवणुका त्यांना गोड लागतात, हा दुटप्पीपणा आम्हालाही कळतो. पण स्पीकरच्या भिंतीपुढे सहा तास नाचणारे कान आपल्याच पोरांचे असतात. त्यातली निम्मी पोरे दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये पाळीला जातात. रात्रभर कानात शिट्टी वाजते, तिला आपण जल्लोष समजतो.

या एप्रिलमध्ये आम्ही वर्गणीतला काही भाग बाजूला काढून तिशीपुढच्या कामगारांची ऑडिओमेट्री करून घेणार आहोत. तीही सुट्टीच्या दिवशी सकाळी, कारण पाळीवरून थेट आलेल्या कानाची तपासणी चुकीची येते. यंत्र दिले तर वर्षभराचे सेल आणि दर महिन्याला एक फेरी, हेही त्यातच धरले आहे. पहिले नाव काकांनी दिले. फक्त एक अट घातली: शेडमध्ये कळता कामा नये, मालक माग काढून घेईल.