गाळलेले पाणी आणि नाग नदी



निवृत्तीनंतर रोज सकाळी सक्करदरा तलावाकडे फेरी मारण्याचा माझा नेम आहे. मागील महिन्यात सुट्टीत आलेल्या नातवाने हट्ट धरला, "आजोबा, आज तलाव नको, नदी दाखवा." म्हणून उमरेड मार्गाने अशोक चौकाकडे गेलो आणि नाग नदीच्या पुलावर थांबलो. बँकेत जाता-येता हा पूल मी वर्षानुवर्षे नाकाला रुमाल लावून ओलांडला होता. खाली वाकून पाहिले ते त्या दिवशी प्रथमच.

काळसर पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे कीटक टिपत होते. काठाशी एक ढोकरी निश्चल उभी होती. नातू हरखून गेला. पक्षी आहेत म्हणजे पाणी स्वच्छ, हा त्याचा समज मात्र मला दूर करावा लागला. शेकाट्या सांडपाण्यातही पोट भरतो. बहुतेक मासे त्यात तग धरत नाहीत.

लाव्हा परिसरात उगम पावणारी ही नदी अंबाझरी तलावातून पुढे येते आणि शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहते. नागपूरला नाव तिनेच दिले. पुढे ती कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. म्हणजे आपले सांडपाणी गोसीखुर्द जलाशयापर्यंत पोहोचते.

राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत या नदीच्या शुद्धीकरणास मंजुरी मिळाली आहे. काठाने पायवाट आणि प्रवाहात नौकाविहार यांची चर्चाही अनेक वर्षे ऐकू येते. ते अवश्य व्हावे. परंतु क्रम चुकू नये. आधी सांडपाणी थांबावे, मग पायवाट व्हावी आणि शेवटी नाव यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नदीचे पाणी घराघरांत शिरले, हेही विसरू नये. पायवाट नदीला पसरण्यास जागा ठेवणारी हवी. काठ काँक्रीटने आवळले, तर पूर ओसरण्यास जागा राहत नाही आणि पक्ष्यांनाही थारा उरत नाही.

परतताना आई आठवली. ती विहिरीचे पाणी गाळून घेई आणि गाळण्यावरची जिवाणी त्याच विहिरीत हळुवार परत सोडी. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात तो सुखरूप पोहोचावा, एवढाच तिचा भाव. आपण आजही पाणी गाळून पितो. पण वापरलेले पाणी कोठे सोडतो?

हाच प्रश्न मी आमच्या इमारतीच्या सभेत विचारला. सांडपाणी मलवाहिनीस जोडले आहे की नाल्यास, हे कोणालाच ठाऊक नव्हते. इतकी वर्षे तेथे राहून मलाही नव्हते. आता महापालिकेकडे लेखी विचारणा करण्याचे ठरले असून पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे. वाचकहो, आपणही आपल्या इमारतीत हा प्रश्न विचारावा, ही विनंती. नातू दिवाळीत पुन्हा येणार आहे. तोवर मला उत्तर हवे आहे.