अंगण की तवा?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या मूल गावात फराळाच्या बरोबरीने अंगणाचाही विषय निघतो. पूर्वी या दिवसांत अंगण सारवले जाई. हल्ली ते ‘पक्के’ केले जाते. दोन वर्षांपूर्वी मीही केले. तेव्हा वाचकहो, आज मी लिहितो आहे ते शिकवण्याच्या हौसेने नव्हे; पदरचे पैसे देऊन ठेच विकत घेतलेल्या माणसाच्या अधिकाराने लिहितो आहे.

माझे अंगण २० फूट रुंद, २५ फूट लांब. मध्ये एक कडुनिंब. ठेकेदार म्हणाला, “गुरुजी, खाली काँक्रीट टाकू, वर गट्टू. पन्नास वर्षं पाहाचं काम नाही.” पन्नास वर्षांच्या हमीला मास्तर भुलला. पार निंबाच्या बुंध्यापर्यंत गट्टू बसले. लक्ष्मीपूजनाला पणत्या मांडल्या, तेव्हा घर कसे शोभले म्हणून सांगू!

शोभा उन्हाळ्यापर्यंत टिकली. आमच्या झाडीपट्टीत त्या दिवसांत अंगणात मोहफुले वाळत घालतात. आई पंचाहत्तरीची, जन्मभर अनवाणी वावरलेली. भर दुपारी मोह उलटवायला उतरली आणि चार पावलांत परत फिरली. तळपायाला फोड आले होते. “अंगण नाही बाबू, तवा होय हा,” एवढेच ती म्हणाली. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. घरी मात्र मला त्याची आठवण झाली नाही. दिवसभर प्यालेले ऊन ते गट्टू रात्री बाहेर टाकू लागले, आणि अंगणात बाज टाकून झोपण्याचे सुखही गेले.

मग पाऊस आला. मातीत मुरणारे पाणी फाटकातून धावत सुटले ते थेट शेजारच्या ओसरीवर. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं पाणी आमच्या घरात काहून पाठवता?” त्या रात्री मी हिशेब मांडला. आमच्याकडे वर्षाचा पाऊस १२०० मिलिमीटर धरला, तर एवढ्याशा अंगणावर सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडते. ते मी जमिनीला नाकारले होते. आणि उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून कुरकुरणाराही मीच!

यावर कोणी म्हणेल, मास्तर प्रगतीच्या आड येतो. मुळीच नाही. सिमेंटचे मोल आम्हांला नव्याने सांगायला नको. गडचांदूर, आवारपूर ही सिमेंटची गावे आमच्याच जिल्ह्यातली. येथला चुनखडक १४५० अंशांच्या भट्टीत भाजतात, तेव्हा ते सिमेंट होते. पुलाला, छपराला, विहिरीच्या कठड्याला ते जरूर वापरावे. पण डोंगर फोडून, कोळसा जाळून तयार केलेली वस्तू आईचे पाय भाजायला आणि जमिनीचे तोंड बंद करायला खर्च करणे, ही प्रगती नव्हे. हा नुसता थाट आहे.

दुसरा पक्ष याहून गोड बोलतो. शेणाने सारवलेले अंगण हीच आपली संस्कृती, असे त्याचे म्हणणे. मीही एकदा जेवताना तेच बोललो. आमच्या मंडळींनी वाढता वाढता विचारले, “सारवणार कोण? कागदावर तुम्ही सारवता, घरात मला सारवावे लागते.” मी मान खाली घालून वरणभात संपवला. गोठा रिकामा झालेल्या घरात शेण आणायचे कोठून, आणि कंबर मोडायची कोणाची, हे आधी ठरवल्याशिवाय संस्कृतीचे नाव घेऊ नये.

मग मधला रस्ता कोणता? यंदा आम्ही गट्टू आणि काँक्रीट उखडले. दारापासून फाटकापर्यंत चालण्यापुरती खडबडीत फरशी घातली. गुळगुळीत नको, ती पावसात पाडते. खाली मुरूम ठोकला, त्यावर वाळू पसरली. फरशांच्या फटींत सिमेंट न भरता वाळूच भरली. निंबाभोवती चारचार फूट माती मोकळी सोडली. उरलेल्या जागेत मुरूम, आणि तुळशीपुढे हातभर सारवलेली जागा. ती मी सारवतो. ज्याला गट्टूच हवेत त्याने ते वाळूवर बसवावेत, म्हणजे फटींतून थोडे तरी पाणी मुरेल. खालचे काँक्रीट मात्र टाळावे.

हे एका मास्तरच्या अंगणापुरते असते तर दिवाळीच्या अंकात तुमचा वेळ घेतला नसता. पण आता शाळांची पटांगणे, देवळांची आवारे, गावचे चौक, सगळीकडे तेच चालले आहे. सकाळची शाळा सुटते तेव्हा चप्पल नसलेले पोर गट्टूंवरून कसे उड्या मारत जाते, ते ठराव करणाऱ्या मंडळींनी एकदा पाहावे. त्याहून बरे, ठरावावर सही करण्यापूर्वी भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, स्वतः त्या जागेवर पाच मिनिटे अनवाणी उभे राहावे. एवढी परीक्षा जो दगड, जी वीट, जी फरशी उतरेल, ती खुशाल घालावी.

यंदा आमच्या फरशीवर रांगोळी थोडी वाकडी येईल. आई मात्र अनवाणी पायांनी पणत्या ठेवायला अंगणात उतरणार आहे.