रुपया घसरतो तेव्हा नेमकं कोण घसरतं?

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली आणि आमच्या नातेवाईकांत लगेच दोन तट पडले. एक म्हणे देशाची अब्रू गेली. दुसरा म्हणे बरंच झालं, निर्यात वाढेल. मला विचाराल तर दोन्ही बाजू प्रश्नाला बगल देतायत.

खरा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्याच माणसाने विचारून ठेवलाय. परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिलेले आणि पुढे हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधणारे डॉ. आंबेडकर! त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला चांदीचा रुपया १८९४-९५ पर्यंत सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला होता. स्वस्त रुपया बरा, असं तेव्हाही निर्यातदार म्हणत. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: स्वस्त रुपया म्हणजे देशात महागाई. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. म्हणजे तो नफा परदेशातून येत नाही, इथल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो.

हे अँटॉप हिलला लावून बघा. सी. जी. एस. कॉलनीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला जानेवारी-जुलैच्या हिशोबाने महागाई भत्ता मिळतो. उशिरा का होईना, पण मिळतो. ज्याची लेक न्यू जर्सीहून पैसे पाठवते, त्याला तर रुपया घसरला की फायदाच. पण ज्याचा मुलगा यंदा तिकडे शिकायला निघालाय? ४०,००० डॉलर फी ८३ च्या भावाने ३३ लाख २० हजार होते, ९० च्या भावाने ३६ लाख. मुलगा तोच, कॉलेज तेच, कर्ज मात्र २ लाख ८० हजारांनी जास्त!

आणि ज्यांचा डॉलरशी काही संबंधच नाही, त्यांचं काय? आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आणि निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. जगात तेल स्वस्त असेल तर झळ लपते, महाग झालं की दुहेरी बसते. वडे तळणाऱ्याला भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटायची भीती. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार वाढला तर दिवाळीला, तोही आपल्या मर्जीने. खाजगी कंपन्यांतल्या निवृत्तांची ई. पी. एस. पेन्शन तर महागाईशी जोडलेलीच नाही. २०१४ साली तिची किमान रक्कम ठरली, महिना १,००० रुपये.

रुपया कधी घसरूच नये असं माझं म्हणणं नाही. १९६६ साली डॉलर ४.७६ वरून ७.५० वर नेला, १९९१ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झालं. परकीय गंगाजळी आटली की हट्ट धरून भागत नाही. पण घसरण अटळ असेल तर तिचं ओझं तरी वाटून घ्यायला हवं. सरकारी नोकराला निर्देशांकाचं छत्र आहे ना? मग तेच ई. पी. एस. वाल्यांना द्या. आणि ते सरकारने देईपर्यंत आपल्या घरच्या मावशींना आपण द्यायला कोणाची बंदी आहे?

तुम्ही त्यांचा पगार शेवटचा कधी वाढवलात? खरं खरं सांगा बरं!