टोपली हवी, तीही आईच्या मच्छरदाणीत

वापी-उंबरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तलासरीच्या तरुण बापाच्या मोबाईलवर हल्ली बाळाच्या आधी पाळणा येऊन पोचतो. तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू उघडी, ती आईच्या पलंगाला पट्ट्यांनी बांधायची. आत मऊ गादी, कडेने कापूस भरलेली झालर, इवलीशी उशी, वर लोंबणारी खेळणी. किंमत पाहून तो गप्प होतो, तरी घरी विषय काढतोच. आजी एका वाक्यात निकाल लावते, "झोळीत वाढली सगळी पोरं, काय झालं त्यांना?"

या वादातला माझा पक्ष आधीच सांगून टाकते. बाजारातला हा पाळणा पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीतल्या बहुतेक घरांना लागू पडत नाही आणि नवजात बाळाला झोळीत निजवणं धोक्याचं आहे. बाळाला हवी असते आईच्या हाताच्या अंतरावरची सपाट, घट्ट आणि मोकळी जागा. ती इथल्या बांबूतून, इथल्या हातांनी तयार होऊ शकते आणि ती बाळंतिणीच्या हातात देणं सरकारचं काम आहे.

आधी बाजाराचं पाहू. त्या पाळण्यामागची कल्पना चुकीची नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली पुन्हा बजावलं की बाळाने निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीतच निजावं, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. म्हणजे रात्री दूध पाजायला उठायचे कष्ट वाचतात, बाळाचा श्वास कानावर राहतो आणि मोठ्या माणसाच्या अंगाखाली ते सापडत नाही. इथवर सगळं मान्य. पण पलंगाला जोडायच्या पाळण्याची सगळी सुरक्षितता एका अटीवर उभी असते. आईची गादी आणि बाळाची गादी एका पातळीत हव्यात आणि दोन्हींच्या मध्ये बोटभरही फट नको. आपल्याकडची बाळंतीण निजते बाजेवर, नाहीतर जमिनीवर चटई टाकून. बाज मध्यभागी खाली झुकते. तिच्या कडेला पाळणा बांधला की रात्री आईच्या वजनाने दोर ताणतात, एक कड खाली जाते, पाळणा जागच्या जागी राहतो आणि मधे जी खाच पडते तिच्यात बाळाचं तोंड जाऊ शकतं. जमिनीवर निजणाऱ्या आईच्या तर तो कामाचाच नाही.

झालर आणि उशीचं समर्थन तर कुठल्याच घरात करता येणार नाही. डोकं आपटू नये म्हणून झालर, असं विक्रेता सांगतो. चार आठवड्यांच्या बाळात डोकं आपटण्याइतकं बळच नसतं. नाक त्या कापसात रुतलं तर मान फिरवून मोकळं होण्याइतकंही नसतं. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून अशा भरलेल्या झालरींची विक्रीच बंद केली. घरगुती मोहरीच्या उशीलाही हेच लागू आहे. डोकं गोल व्हावं म्हणून ती बाळाच्या मानेखाली जाते, पण नवजात बाळाला उशी लागतच नाही. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये असं वाटत असेल तर निजवताना तोंडाची दिशा आलटून पालटून ठेवावी आणि बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांदेखत, त्याला थोडा वेळ पालथं खेळवावं.

त्याच कायद्याने आणखी एका वस्तूवर बंदी आली. दहा अंशांहून जास्त उताराची, बाळाला अर्धवट बसतं निजवणारी झुलती आसनं. फिशर-प्राइस या नावाजलेल्या कंपनीला २०१९ साली अशी सुमारे ४७ लाख आसनं बाजारातून परत मागवावी लागली. तोवर त्यांत तीसहून अधिक बाळं दगावल्याची नोंद झाली होती. कारण साधं आहे. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान दुबळी. पाठ वाकली की हनुवटी छातीवर टेकते, मऊ श्वासनलिका मुडपते, आणि बाळ आवाजही न करता गुदमरतं. हे वाचून ज्याला आपली झोळी आठवली नाही, त्याने ती नीट पाहिलेलीच नाही.

झोळीची बाजू मात्र पूर्ण ऐकून घेतली पाहिजे. ती फुकटात होते. जुनं लुगडं, दोन दोर आणि वरचा वासा, एवढंच सामान. बाळ जमिनीपासून वर राहतं, म्हणजे विंचू, मुंग्या, कुत्रं, ओल, साऱ्यांपासून दूर. वारा लागतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या आईला झोळीचा दोर पायाला बांधून हात चालू ठेवता येतात. तिला झोळी सोड म्हणणाऱ्याने आधी तिचं काम आणि तिची मजुरी विचारात घ्यावी. ज्यांनी झोळीला अडाणीपणा म्हटलं त्यांचं म्हणणं मी खोडूनच काढीन. ज्या घरात जमीन हे सापाचं आणि विंचवाचं राज्य आहे, तिथे बाळाला उंचावर टांगणारी बाई पुरती शहाणी आहे.

पण आता त्या झोळीत डोकावा. आठवड्याचं बाळ. कापड दोन्ही बाजूंनी उभं राहून मिटलेलं, आत प्रकाश नाही. बाळ तळाशी केळ्यासारखं वाकलेलं, हनुवटी छातीला चिकटलेली, कापडाचा एक पदर गालावरून नाकाशी आलेला. बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. बाळ शांत निजलंय की त्याचा श्वास अडतोय, हे झोळी उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आजीने वाढवलेली पोरं जगली हे खरं आहे, पण जी जगली नाहीत ती साक्षीला येऊ शकत नाहीत. रात्री निजलेलं बाळ सकाळी उठलं नाही की घरात म्हणतात, दूध श्वासात गेलं, आणि तिथे चौकशी थांबते.

त्या दुधाच्या भीतीपायीच कितीतरी आया बाळाला कुशीवर किंवा पालथं निजवतात. ही भीती उलटी आहे. बाळ पाठीवर उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेलं दूध खालच्या नळीत परत जातं, त्याला श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागतं. पालथ्या बाळात हे चित्र उलटतं. यात फक्त आयाच चुकल्या असंही नाही. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाने १९५०च्या दशकापासून पालथं निजवायचा सल्ला दिला आणि तो वर्षानुवर्षं पाळला गेला. १९९४ साली तिथे बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम निघाली आणि काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. मोठ्या डॉक्टरांना आपलं म्हणणं बदलावं लागलं. आजीलाही बदलता येईल.

सर्वांत जड आक्षेप मात्र आईचा आहे. "माझं बाळ माझ्या कुशीत नाही तर कुठे?" या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देऊन चालणार नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ जवळच हवं असतं आणि ते योग्यही आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना आग्रहाने सांगते. पण ती ऊब आई जागी असताना, नाहीतर घरातलं दुसरं जागं माणूस बाळाकडे लक्ष ठेवून असताना द्यायची आहे. गाढ झोपलेल्या आईशेजारी जाड गोधडीखाली निजलेलं बाळ ही वेगळी गोष्ट. त्याच अंथरुणात दारू किंवा ताडी प्यालेलं माणूस असेल, घरात विडीचा धूर असेल, बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, तर धोका कितीतरी वाढतो. या दोन तालुक्यांत कमी वजनाची बाळं जन्मतात, हे काही कुणाला नव्याने सांगायला नको. बाजेखाली विस्तवाची शेगडी ठेवून बाळ-बाळंतिणीला शेकण्याची चालही इथेच आठवावी. धूर, भाजण्याची भीती आणि बाळाला होणारी तलखी, तिन्ही एकदम. बाळाला ऊब कपड्यांच्या थरांतून द्यावी, शेगडीतून आणि तोंडावर येणाऱ्या गोधडीतून नव्हे.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याही परदेशी नियमावलीत सापडणार नाही. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीची जमीन हलते आहे. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळली. १ फेब्रुवारी २०१९ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, मोठा ४.१चा होता, आणि हळदपाड्यात घाबरून धावताना पडून दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. माणसं थंडीत घराबाहेर, तंबूंत निजली, तान्ह्या बाळांसकट. कुडाच्या भिंती, कौलांचं छप्पर, मांडणीवर रचलेले हंडे, आणि त्या छपराच्या वाशालाच टांगलेली झोळी. हादरा बसल्यावर अंधारात उठून झोळीतून बाळ काढायला दोन्ही हात लागतात, कापड अडकतं, पाय ठेचकाळतो. पलंगाला पट्ट्यांनी जखडलेल्या पाळण्यातूनही सुटका सोपी नाही. म्हणून या भागापुरती मी एक अट जास्तीची घालते. बाळाचं अंथरूण कशालाही बांधलेलं नसावं, बाळासकट एका उचलीत हाती यावं, मांडणीखाली आणि आढ्याखाली नसावं, दाराजवळ असावं पण दाराच्या वाटेत नसावं.

या सगळ्या अटी पुऱ्या करणारी वस्तू म्हणजे टोपली. ही माझी कविकल्पना नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांत आईने बाळाला जवळ घेऊन निजण्याची रीत आहे. आरोग्य खातं सांगत राहिलं, बाळ वेगळं निजवा, पण सल्ला घरात शिरला नाही आणि माओरी बाळं इतरांपेक्षा जास्त दगावत राहिली. मग २००५-०६च्या सुमारास डॉ. डेव्हिड टिपेने-लीच या माओरी डॉक्टरांनी विणकर बायकांना हाताशी धरलं. त्यांच्या परंपरेतल्या झाडाच्या लांब पात्यांची सपाट तळाची टोपली विणली गेली. नाव वाहाकुरा. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची, म्हणजे बाळ कुशीत आणि तरीही स्वतःच्या जागेत. वाहाकुरा आणि तशाच साध्या प्लास्टिकच्या पेट्या धोक्यातल्या कुटुंबांना वाटण्यात आल्या, सोबत निजवण्याचा सल्लाही दिला गेला. २००९ ते २०१५ या काळात तिथे आठवड्याहून मोठ्या बाळांचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी घटले. त्याआधी फिनलंडने १९३८पासून गरीब बाळंतिणींना कपड्यांनी भरलेलं खोकं दिलं आणि १९४९पासून ते सगळ्याच आयांना मिळू लागलं. खोकं रिकामं झालं की तेच बाळाचं अंथरूण.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या काढून जे केलं ते याच डहाणू तालुक्यात. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी मुलांपर्यंत पोचणार नाहीत, हे ओळखून ताराबाईंनी तत्त्व ठेवलं आणि साधनं बदलली. पानं, बिया, शंख-शिंपले, माती, बांबू. शिक्षणशास्त्र पातळ झालं नाही, ते अंगणात आलं. बाळाच्या अंथरुणाचंही तसंच करायचं आहे. सपाट, घट्ट, मोकळं, जवळ ही तत्त्वं सोडायची नाहीत. लाकूड, जाळी आणि पट्ट्या सोडायच्या.

सूप-टोपल्या विणणारे हात इथे गावोगावी आहेत. त्यांना सांगायचं ते एवढं. तळ गोल नको, पाटासारखा सपाट हवा, म्हणून खालच्या कामट्या जाड आणि सरळ घ्याव्यात. लांबी बाळाहून वीतभर जास्त, कडा साधारण वीतभर उंच, बाजूंची वीण हवा खेळेल इतकी विरळ, पण बाळाचा हात-पाय अडकेल इतकी नाही. आतल्या अंगाला एकही कूस राहू नये. कामट्या घासून घ्याव्यात आणि विणकराने स्वतःचा गाल फिरवून पाहावा. रंग, वॉर्निश काही नको. आत एकच पातळ, घट्ट गादी, टोपलीच्या मापाची, कडेला फट न सोडणारी. तळहाताने दाबून हात उचलला की खड्डा राहता कामा नये. वर घट्ट ओढून बांधलेलं सुती कापड. उशी नाही, झालर नाही, बाहुली नाही. बाळ पाठीवर, तोंड उघडं.

ही टोपली उंच स्टुलावर ठेवायची नाही, ती पडेल. मग साप? पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावते, आणि इतक्या हळू की माणूस जागाही होत नाही. त्यावर उपाय घरात असतो, पण तो अर्धाच वापरला जातो. मच्छरदाणी नुसती लोंबती ठेवून उपयोग नाही, तिची कड चटईखाली चहूबाजूंनी खोचली पाहिजे. टोपली आईच्या चटईशेजारी ठेवावी आणि एकच मच्छरदाणी दोघांवरून घेऊन दोघांच्या खाली खोचावी. डास गेले, मण्यार गेली, आणि रात्री पाजायला आईने हात लांबवला की बाळ तिथेच. बाळ कुशीवर वळू लागलं की टोपली संपली. साधारण चार-पाच महिन्यांचा तिचा संसार. मग ती धुऊन, उन्हात तापवून दुसऱ्या घरी जाईल.

राहिला प्रश्न पैशाचा. २०१९पासून महाराष्ट्र सरकार सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला बाळासाठी वस्तूंचा संच देतं. त्यात लहान गादी आहे, मच्छरदाणी आहे, घोंगडी आहे, शाम्पूसुद्धा आहे. ती गादी घालायची कुठे, याचं उत्तर संचात नाही. शाम्पू काढा, टोपली घाला. पालघर जिल्ह्यापासून सुरुवात करा, विणकाम इथल्याच बचतगटांना द्या, आणि पहिल्या बाळापुरता नियम न ठेवता अडीच किलोच्या आतल्या प्रत्येक बाळाला ती मिळू द्या. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, नाळ पाहते. तिच्या कागदात आणखी एक रकाना असावा, बाळ रात्री कुठे निजतं. आणि तो आईला विचारून भरू नये. तिसऱ्या दिवशी आशाताईने त्या जागेशी वाकावं, तळहात दाबून पाहावा, मच्छरदाणीची कड खोचलेली आहे का ते चाचपावं आणि मगच सही करावी.