एका शब्दाची शीव

बेळगाव-निपाणीच्या प्रश्नावर आजवर खर्ची पडलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यात एक इंग्रजी शब्द पुनःपुन्हा डोकावतो. तो शब्द म्हणजे ‘कन्टिग्युइटी’. सरकारी मराठीने त्याला ‘भौगोलिक संलग्नता’ असा भारदस्त पोशाख चढविला आहे. नित्याच्या इंग्रजी संभाषणात हा शब्द क्वचितच कानी पडतो. परंतु सीमाभागातील मराठी माणसांचे भवितव्य ज्या मोजक्या शब्दांना टांगले गेले, त्यांत तो आहे. त्याचा अर्थ पारखून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन असून मूळ धातूचा अर्थ ‘स्पर्श करणे’ असा आहे. आपल्या परिचयाचा ‘कॉन्टॅक्ट’ हा शब्दही त्याच कुळातला. तेव्हा दोन प्रदेश नुसते जवळ असून भागत नाही. त्यांच्या शिवा एकमेकींना भिडल्या पाहिजेत. अलास्का व हवाई वगळून उरलेल्या अमेरिकेच्या ४८ राज्यांना ‘कन्टिग्युअस’ म्हणतात ते याच अर्थाने. आपल्या शेतकऱ्याचा ‘लगत’ हा शब्द तोच आशय चोख सांगतो.

आंध्र व मद्रास यांच्या सीमातंट्यात पाटसकरांनी खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक संलग्नता आणि लोकेच्छा या कसोट्या मानल्या व त्यानुसार १९५९ मध्ये कायदाही झाला. महाराष्ट्राने मागितला तो हाच न्याय. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी व खानापूर महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर मात्र नाकारले. शहराभोवती बहुतेक बाजूंनी कानडी मुलूख आहे, हे त्यामागील एक कारण होते.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. ‘लगत’ विचारतो, एका बाजूने तरी शीव भिडते काय? ‘वेढा’ विचारतो, उरलेल्या बाजूंना कोण आहे? पहिल्या प्रश्नाच्या जागी दुसरा बसला आणि कसोटीच बदलली. सीमेवरील गावाच्या एका अंगाला दुसऱ्या भाषेचा मुलूख असायचाच. तो दोष ठरला तर सीमा आखायची कोठे? बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागावे. हिंडलगा, उचगाव, तुरमुरी, बाची ही मराठी गावे ओलांडली की चंदगड तालुक्यातील शिनोळी येते. साखळीची कडी कडीला लागलेली आहे. खेडे हा घटक मानल्यावर संलग्नता पाहावयाची ती अशी.

अर्थात शब्दाचे माप दोन्हीकडे सारखेच हवे. अक्कलकोट वा जतकडील कानडी गावांनाही हीच कसोटी लावण्याची तयारी मराठी माणसाने ठेवली पाहिजे. सोयीचा अर्थ तेवढा उचलणे हा न्याय नव्हे.

महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला आणि शिफारशी कागदावरच राहिल्या. ज्या निपाणीची संलग्नता आयोगालाही मान्य होती, तीही कर्नाटकातच राहिली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तेथे निवाडा व्हायचा तेव्हा होवो. पण तो ‘लगत’ला ‘लगत’ म्हणणारा असावा, एवढीच अपेक्षा. शब्दाचा अर्थ सरकला की गावाची शीव सरकते, आणि त्याची किंमत मोजावी लागते ती शब्दकोशाला नव्हे, माणसांना.